प्रकल्प नोंदी: युरियाची पिवळी पूड, कार्बन डॉट्स आणि पाण्यातला हायड्रोजन

७ जुलै २०२५, सोमवार

विषय एकदाचा फायनल झाला. एमएस्सीच्या तिसऱ्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट, आम्ही दोघी, मी आणि माझी पार्टनर. कार्बनचे नॅनो पदार्थ वापरून उजेडावर पाण्यातून हायड्रोजन काढायचा. मॅडमनी दोन तास बसवून सगळं समजावलं, ते डोक्यात ताजं आहे तोवर लिहून ठेवते.

हायड्रोजन आजही लागतोच, रिफायनरीत लागतो, खतासाठी अमोनिया करायला लागतो, पण तो बहुतेक नैसर्गिक वायूपासून काढतात आणि एक किलो हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. सरकारचं ग्रीन हायड्रोजन मिशन जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालं, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं टार्गेट आहे, पण तिथे मुख्य भर सोलर-पवनच्या विजेवर चालणाऱ्या इलेक्ट्रोलायझरवर. आमचा रस्ता वेगळा आहे, मधली वीजच नाही, पाण्यात पूड टाकायची, वर उजेड सोडायचा, काम पुडीनं करायचं.

याची सुरुवात जपानमधल्या फुजिशिमा आणि होंडा या दोघांनी १९७२ साली केली, टायटॅनियम डायऑक्साइडवर अल्ट्राव्हायोलेट पाडून पाणी फोडलं. अडचण अशी की टायटॅनियम डायऑक्साइडचा बँड गॅप (आतला इलेक्ट्रॉन सुटा करायला उजेडाकडून लागणारी कमीत कमी ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, म्हणजे साधारण ३८८ नॅनोमीटरच्या खालचाच उजेड त्याला चालतो आणि असा उजेड उन्हात जेमतेम चार-पाच टक्के. मग २००९ मध्ये ग्राफिटिक कार्बन नायट्राइड आलं, नुसता कार्बन आणि नायट्रोजन, धातू अजिबात नाही, गॅप २.७, म्हणजे १२४० भागिले २.७ केलं की ४६० नॅनोमीटरच्या आसपास, निळ्या उजेडापर्यंत मजल जाते. आणि ते युरियापासून होतं! युरिया भाजायचा, बस. मला हे ऐकून खरंच भारी वाटलं, आपल्याकडे गावोगावी मिळणारी वस्तू आहे ही.

१० जुलै, गुरुवार

गुरुवार म्हणून पाणी बंद. डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन लॅबच्या मामांनी आदल्या दिवशीच भरून ठेवले होते, नाहीतर आजचा दिवस वाया गेला असता. काचेची भांडी धुऊन ओव्हनमध्ये टाकली, यादी केली.

पार्टनर म्हणाली युरिया कशाला विकत घ्यायचा, घरून आणते की पोतंभर, बाबांकडे आहे. पण शेतातल्या युरियाला कडुनिंबाचं तेल लावलेलं असतं, २०१५ पासून सगळाच युरिया नीमकोटेड येतो. तेल जळून त्याचा वेगळाच कार्बन मिसळेल आणि नंतर कुठला परिणाम कशामुळे हे कळणारच नाही. म्हणून लॅब ग्रेडचीच बाटली घेतली. ती जरा हिरमुसली पण म्हणाली प्रोजेक्ट संपला की एकदा घरचा युरिया भाजून बघूच. बघू नक्की.

१४ जुलै, सोमवार

पहिली भाजणी. ३० ग्रॅम युरिया, झाकणाचं क्रुसिबल, वर ॲल्युमिनियम फॉइल घट्ट गुंडाळली, मफल फर्नेस मिनिटाला ५ डिग्रीनं ५५० पर्यंत आणि तिथे ३ तास. युरिया १३३ डिग्रीला वितळतो, मग अमोनिया सोडत सोडत बाययुरेट, सायन्युरिक ॲसिड, मेलामाइन, मेलेम अशा पायऱ्या चढत शेवटी ते थरांचं जाळं तयार होतं. वाचायला सोपं आहे पण अमोनियाचा वास म्हणजे काय ते आज कळलं. एक्झॉस्ट चालू होता तरी डोळ्यांतून पाणी. मामांनी येऊन दोन्ही खिडक्या उघडल्या, बाहेर धो धो पाऊस, तो आत यायला लागला, मग फर्नेसच्या वायरी वाचवायला आम्ही दोघी पुठ्ठे धरून उभ्या. पुढच्या वेळी क्रुसिबल लहान आणि युरिया १० ग्रॅमच.

संध्याकाळी सातला फर्नेस दीडशेवर आली, चिमट्यानं झाकण उचललं. तळाला फिकट पिवळा, लिंबाच्या आतल्या सालीसारखा रंग, आणि इतकं हलकं की झाकण उचलताना जी हवा हलली तेवढ्यानं एक पापुद्रा उडून फर्नेसच्या विटेवर जाऊन बसला. वजन १.३ ग्रॅम. तीसातले एक पूर्णांक तीन! बाकी सगळं हवेत. मेलामाइन वापरलं असतं तर निम्म्याच्या आसपास हाती लागलं असतं, पण युरियावाली पूड सच्छिद्र होते, पृष्ठभाग जास्त मिळतो, म्हणून हीच.

१८ जुलै, शुक्रवार

एक्सआरडी आलं, म्हणजे एक्स-रे पाडून पुडीची आतली रचना दाखवणारा ग्राफ. २७.४ डिग्रीला मोठा पीक (ग्राफमधलं टोक), १३.१ ला छोटा. मोठा पीक थरांमधल्या अंतराचा, ते अंतर ०.३२५ नॅनोमीटर निघतं, ग्राफाइटपेक्षा किंचित कमी. दोन्ही पीक जिथे हवेत तिथेच आले म्हणजे पूड बरोबर झालीय. आज एवढंच.

२५ जुलै, शुक्रवार

कार्बन डॉट्सचा आठवडा. हे म्हणजे दहा नॅनोमीटरहून लहान कार्बनचे कण. सापडले योगायोगानं, २००४ मध्ये अमेरिकेत कार्बन नॅनोट्यूब साफ करत होते, त्यात हे चमकणारे कण वेगळे निघाले. आपल्याला ते हवेत दोन कामांना, एक म्हणजे पिवळ्या पुडीला जो उजेड पकडता येत नाही त्यातला थोडा पकडायला, आणि दुसरं म्हणजे उजेडानं सुटलेला इलेक्ट्रॉन परत आपल्या जागी पडायच्या आत त्याला धरून ठेवायला. दुसरं काम जास्त महत्त्वाचं. या सगळ्या प्रकरणात बहुतेक इलेक्ट्रॉन कामाला न लागताच परत पडतात, तिथेच सगळी ऊर्जा वाया जाते.

सायट्रिक ॲसिड आणि युरिया पाण्यात विरघळवून टेफ्लॉनच्या ऑटोक्लेव्हमध्ये १८० डिग्री, ८ तास. ऑटोक्लेव्ह रात्रभर गार होऊ दिला, गरम असताना उघडायचा नाही हे दादानं (मॅडमचा पीएचडीचा विद्यार्थी, आमचा सगळ्यात मोठा आधार) तीनदा सांगितलं होतं. सकाळी उघडला तर कडक चहासारखं पाणी. लाइट बंद करून ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च मारला आणि सगळी बाटली निळी पेटली. शब्दच नाहीत.

पण यात एक गोम आहे. सायट्रिक ॲसिडपासून डॉट्सबरोबर छोटे रेणूसुद्धा तयार होतात, ते स्वतःच निळे चमकतात, आणि नुसती चमक बघून डॉट्स झाले असं म्हणणं चूक. म्हणून डायलिसिस, छोटे रेणू पिशवीतून बाहेर झिरपतात, मोठे कण आत राहतात. एक किलोडाल्टनची पिशवी, त्यात तो चहा, पिशवी मोठ्या बीकरमध्ये सोडली. तीन तासांनी बाहेरच्या पाण्यावर टॉर्च मारला तर पिशवीपेक्षा बाहेरचंच पाणी जास्त चमकत होतं! म्हणजे परवा ज्याच्यावर आम्ही इतक्या खूष झालो त्यातला बराचसा भाग डॉट्स नव्हताच. दोन दिवस, दर सहा तासांनी पाणी बदललं, रात्रीचं दादानं बदललं. शेवटच्या पाण्यात चमक जवळपास नाही, पिशवीत आहे, कमी आहे पण आहे. ती आपली.

४ ऑगस्ट, सोमवार

पहिला खरा रन. सेटअप नीट लिहून ठेवते.

१०० एमएलचा काचेचा सेल, आत ६० एमएल पाणी आणि ट्रायइथेनॉलअमाइनचं मिश्रण (दहा टक्के), ५० मिलिग्रॅम पूड, वर ४० एमएल मोकळी जागा, तोंडाला रबरी सेप्टम. खाली मॅग्नेटिक स्टरर. समोर ४२० नॅनोमीटरचा एलईडी, पंखा लावून. प्लॅटिनम एक टक्का, क्लोरोप्लॅटिनिक ॲसिडमधून त्याच सेलमध्ये उजेडावर बसवलं. प्लॅटिनम यासाठी की नुसत्या पुडीवर हायड्रोजन जुळून यायला फार त्रास होतो, प्लॅटिनमवर दोन हायड्रोजन सहज भेटतात.

आणि ट्रायइथेनॉलअमाइन हा इथला बळी जाणारा गडी. इलेक्ट्रॉन सुटला की मागे जो खड्डा राहतो तो पाण्यानं भरायला हवा, पाण्यातून ऑक्सिजन निघायला हवा, पण ते काम फार अवघड आहे म्हणून तो खड्डा हे अमाइन भरतं आणि स्वतः संपतं. म्हणजे आमचा प्रयोग हा अर्धाच प्रयोग आहे, हायड्रोजनची बाजू तेवढी. हे रिपोर्टच्या पहिल्या पानावर यायला हवं, शेवटच्या पानावर बारीक अक्षरात नाही, असं मॅडम म्हणाल्या आणि मला ते मनापासून पटलं.

जीसी म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ, तो नळीतून (कॉलम) गॅस वेगवेगळे करून मोजतो. त्याला कॅरियर गॅस, म्हणजे नमुना वाहून नेणारा, आर्गॉन. मी हेलियम का नाही विचारलं तर दादा म्हणाला आपला डिटेक्टर गॅसच्या उष्णता वाहून न्यायच्या क्षमतेतला फरक बघतो, हायड्रोजन आणि हेलियम त्यात जवळजवळ सारखे, मग हायड्रोजन दिसणार कुठून. सेलमधली हवासुद्धा आर्गॉननंच अर्धा तास बाहेर काढली, याचा फायदा असा की नंतर नायट्रोजनचा पीक दिसला तर समजायचं हवा आत शिरतेय.

दोन तासांनी गॅस-टाइट सिरिंजनं अर्धा एमएल काढून टोचला. आमच्या कॉलमवर सगळ्यात आधी हायड्रोजन येतो. आणि आला! सरळ, टोकदार, सुरेख. कॅलिब्रेशनवरून १.२ टक्के. ४० एमएलमध्ये ०.४८ एमएल हायड्रोजन, भागिले २४.५ (एक मोल गॅस साधारण २४.५ लिटर), म्हणजे २० मायक्रोमोल, ५० मिलिग्रॅम आणि दोन तास धरले तर ग्रॅममागे तासाला २०० मायक्रोमोलच्या आसपास. एवढासा गॅस, चहाच्या चमच्यात पाच-दहा वेळा मावेल. पण आपण केलेला आहे. मामांना पण दाखवला, ते म्हणाले पेढे कुठायत. आणले.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आज हात थरथरतायत लिहिताना. प्लॅटिनम न घालता, फक्त पिवळी पूड आणि कार्बन डॉट्स, आणि हायड्रोजन आला. प्लॅटिनमवाल्याच्या पावपट, पण आला. म्हणजे प्लॅटिनमचं काम कार्बन करतोय! प्लॅटिनमच्या एका ग्रॅमची किंमत बघितली की कळतं हे किती मोठं आहे. मॅडम मुंबईला, सोमवारी येतील. उद्या राखी आहे, घरी जायचंय, पण मन इथेच राहणार.

१२ ऑगस्ट, मंगळवार

मॅडमनी ग्राफ बघितला, एकच प्रश्न विचारला, "डॉट्स न घालता, प्लॅटिनम न घालता, नुसत्या पुडीचं रीडिंग कुठंय?" नव्हतं. आम्ही घेतलंच नव्हतं. पोटात गोळा आला.

घेतलं. नुसती पूड, दोन तास, आणि पीक आला. जवळपास तेवढाच. मग डॉट्सचं श्रेय कसलं?

दादानं सेल रिकामा करून उन्हाकडे धरला, मग आतली मॅग्नेटिक बीड (स्टररवर फिरून पाणी ढवळणारी) चिमट्यानं काढून भिंगाखाली ठेवली. पांढऱ्या टेफ्लॉनवर, जिथे ती काचेला घासून चरे पडलेत तिथे, चऱ्यांच्या आत राखाडी ठिपके. अगदी पेन्सिलचं टोक टेकवावं तसे, सात-आठ. नखानं खरवडून निघत नव्हते. हे आमचं ४ तारखेचं प्लॅटिनम. तोच सेल, तीच बीड, साबण आणि इथेनॉलनं धुतली की झालं असं आम्ही धरून चाललो होतो. सेलच्या तळालासुद्धा हात लावला की कळेल न कळेल असा एक थर.

मग दादानं स्वतः फ्युम हूडमध्ये ॲक्वा रेजिया केलं, एक भाग नायट्रिक, तीन भाग हायड्रोक्लोरिक, यात प्लॅटिनमसुद्धा विरघळतं, सेल त्यात रात्रभर. बीड सरळ फेकून दिली.

१३ ऑगस्ट, बुधवार

स्वच्छ सेल, नवी कोरी बीड. नुसती पूड, दोन तास: पीक नाही. पूड आणि डॉट्स: बेसलाइनवर किंचित फुगवटा, आकडा म्हणून लिहिता येणार नाही एवढा. शुक्रवारची सगळी गंमत त्या सात-आठ ठिपक्यांची होती.

पार्टनर रडली, मलाही आवरलं नाही. मॅडम आमच्या शेजारी स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या हे आत्ता सापडलं, तुमच्याच हातानं सापडलं, हे रिपोर्टमध्ये आकडे देऊन लिहायचं. मी विचारलं चूक पण लिहायची का, म्हणाल्या चूकच आधी लिहायची, पुढच्या बॅचची पोरं हाच सेल वापरणारेत.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवापासून गणपती, म्हणून आजच लॅब लावून घेतली. दोन सेट वेगळे. प्लॅटिनमच्या सेलला, बीडला, सिरिंजच्या डबीला, स्पॅच्युलाला लाल टेप, बिगर प्लॅटिनमच्या सगळ्याला पांढरी टेप, कपाटाचे कप्पे पण वेगळे. दर बॅचला हे ब्लँक (एकेक गोष्ट वगळून केलेले तुलनेचे रन) घ्यायचेच: अंधारात, पुडीशिवाय, अमाइनशिवाय, आणि डॉट्स एकटे. शेवटचा यासाठी की डॉट्स स्वतःच कार्बन आहेत, उजेडात तेच झिजून गॅस सोडत असले तर आपण त्याला पाण्याचा हायड्रोजन म्हणून बसू. कार्बनच्या पदार्थांवर काम करताना हा संशय कायम ठेवायला हवा असं मला आता फार प्रकर्षानं वाटतं. नुसता पीक आला एवढ्यानं भागत नाही, तो कुणामुळे आला हे सांगता यायला हवं.

१० सप्टेंबर, बुधवार

विसर्जन झालं, लॅब परत सुरू. पार्टनरचा आवाज बसलाय ढोल पथकामुळे, खुणांनी बोलतेय.

सगळे ब्लँक झाले. अंधार: काही नाही. पुडीशिवाय: नाही. डॉट्स एकटे: नाही. अमाइनशिवाय: नाही म्हणण्याएवढंच. आता खरं मोजमाप सुरू करायला हरकत नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

लाल टेपच्या सेलमध्ये, प्लॅटिनम सगळ्यांत सारखंच एक टक्का, फक्त डॉट्सचं प्रमाण बदललं. प्रत्येक रीडिंग तीनदा, तिन्ही वेळा पूड नव्यानं वजन करून, कारण एकाच सेलमधून तीनदा गॅस काढला म्हणजे तीन प्रयोग होत नाहीत.

डॉट्स नाहीत: २०० च्या आसपास, ऑगस्टमधलाच आकडा परत आला हे बघून फार बरं वाटलं. अर्धा टक्का डॉट्स: थोडं वर. एक टक्का: २९० च्या जवळ. तीन टक्के: परत खाली, डॉट्स नसलेल्यापेक्षाही खाली. पुडीचा रंगच सांगतो, एक टक्क्याची पूड मलईदार, तीन टक्क्यांची मातकट. कार्बन जास्त झाला की तोच उजेड खातो, पिवळ्या पुडीपर्यंत पोचूच देत नाही. म्हणजे डॉट्स मदत करतात, दीडपटीच्या थोडं आत, तेसुद्धा प्लॅटिनम सोबत असेल तर, आणि बेतानं घातले तर. आठ ऑगस्टला जे वाटलं होतं त्याच्या मानानं लहान गोष्ट आहे पण ही उभी राहते, तीनदा केली तरी तशीच येते.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

मॅडमनी २०१५ चं काम वाचायला लावलं, चीनमधल्या गटाचं, 'सायन्स'मध्ये आलेलं. त्यांनी हेच दोन पदार्थ, कार्बन डॉट्स आणि कार्बन नायट्राइड, घेतले पण प्लॅटिनम नाही आणि बळी जाणारा गडीही नाही, नुसतं पाणी, आणि सूर्याच्या ऊर्जेतली दोन टक्के हायड्रोजनमध्ये आली असं मांडलं. तिथे पाणी एका झटक्यात ऑक्सिजनपर्यंत जात नाही, आधी हायड्रोजन पेरॉक्साइड होतं आणि ते पेरॉक्साइड फोडायचं काम डॉट्स करतात. म्हणजे तिथे डॉट्सचं काम आपल्यापेक्षा वेगळंच आहे. आमचे डॉट्स वेगळ्या पद्धतीनं केलेले, त्यामुळे आमच्याकडे तसं न होणं यात आश्चर्य नाही, पण पांढऱ्या टेपच्या सेलमध्ये एकदा पेरॉक्साइड टाकून डॉट्स ते फोडतात का एवढं तरी बघायचंय. सोपा प्रयोग आहे, परमँगनेटचं टायट्रेशन बीएस्सीत केलेलंच.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा. आज पेरॉक्साइड टायट्रेशन. अंधारात सहा तास ठेवलं तर डॉट्स असलेल्या आणि नसलेल्या बाटलीत फरक टायट्रेशनच्या चुकीच्या आतलाच. फोडत नाहीत आमचे डॉट्स. लिहून टाकलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

पाऊस गेला, ऑक्टोबर हीट सुरू, आकाश स्वच्छ. आज गच्चीवर खऱ्या उन्हात. हे आम्हाला पहिल्या दिवसापासून करायचं होतं.

दोन सेल, दोन्ही लाल टेपचे, दोन्हीत एक टक्का डॉट्सची तीच पूड, तेवढंच पाणी. एकाला फॉइल गुंडाळली, आत उजेडाचा कण जाणार नाही अशी. दोन्ही एकाच ट्रेमध्ये, ट्रेत पाणी, म्हणजे दोन्ही सारखेच तापतील आणि उद्या कुणी म्हणालं की गॅस उन्हाच्या उष्णतेनं आला तर उत्तर तयार. मामांनी एक्स्टेन्शन बोर्ड वर आणून दिला, स्टरर दोन लागले. ११ ला सुरू, २ ला बंद. मधे मधे छत्री घेऊन आम्ही सावलीत, सेल उन्हात. ट्रेचं पाणी ३८ डिग्रीपर्यंत गेलं. काळजी घ्यायची म्हणून मोजून ठेवलं होतं, हायड्रोजन हवेत चार टक्क्यांपासून पेट घेऊ शकतो, आपला सेल आर्गॉनचा आणि गॅस एवढासा, तरी मामांना तोवर गच्चीवर बिडी नको सांगितलं, त्यांनी पाळलं.

खाली आणून आधी फॉइलवाला टोचला. रेषा सपाट. पूर्ण दहा मिनिटं थांबलो, सपाट. मग उन्हातला. हायड्रोजनच्या जागी पीक, ०.७ टक्के. नायट्रोजनच्या जागी अगदी किंचित, म्हणजे सेप्टमनं हवा येऊ दिली नाही. हिशोब केला, ०.२८ एमएल, ११ मायक्रोमोलच्या वर, ग्रॅममागे तासाला ७५ च्या आसपास. एलईडीच्या पाव भागाएवढं. उन्हातला ४६० च्या खालचा उजेडच तेवढा कमी, बाकीचं ऊन या पुडीला दिसत नाही.

दोन्ही ग्राफ प्रिंट करून वहीत समोरासमोर चिकटवले, डावीकडे फॉइलचा, उजवीकडे उन्हाचा. खाली वेळ, तापमान, बीडचा नंबर. पार्टनर उद्या हाच रन परत लावणार आहे, नवीन वजन करून, कारण उन्हातलं हे एकच रीडिंग आहे. तिनं संध्याकाळीच दोन्ही सेल ॲक्वा रेजियासाठी दादाकडे दिले.